माझं पाण्याखालचं अंग

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. होडी म्हटलं की तुम्ही शीड काढाल, वल्हं काढाल, खाली चार लाटा काढाल. माझ्यात यातलं काहीच नाही. मी सत्तावन्न फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद आणि सगळीच्या सगळी पोलादाची आहे. एखाद्या घराचा नुसता बोळ पाण्यात सुटून यावा तशी मी दिसते. आमच्याकडचे कालवे खोदणाऱ्यांनी हात राखून खोदले, त्यामुळे आम्ही होड्याही अशाच. समुद्र मी कधी पाहिला नाही. ताशी चार मैलांच्या वर मी जात नाही. काठाकाठानं कुत्रा फिरवणारा माणूस माझ्या पुढे निघून जातो आणि जाताना वर हात करतो.

सध्या मी पाण्यातही नाही. स्टोन गावाबाहेरच्या एका गोदीच्या मागच्या आवारात, लाकडाच्या चार ओंडक्यांवर उभी आहे. माझ्या पोटाखालून मांजरं ये-जा करतात. इथं कशी आले ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण ज्याला सांगायला हवं होतं त्याला मला सांगता आलं नाही.

मला एनॉक शॉ नावाच्या माणसानं बांधलं. हा कोळशाच्या होडीवरच जन्मला, होडीवरच वाढला आणि शाळेत गेला तो फक्त नाव लिहायला शिकण्यापुरता. एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं माझा तळ आधी मांडला. सहा मिलिमीटरच्या वर जाडीचं पोलाद त्यानं वापरलं. शेजारचा कोणीतरी म्हणाला, “एनॉक, एवढं जाड कशाला? सुट्टीत फिरायची होडी ती. रंग चांगला दे, लोक रंग बघतात.” एनॉक वेल्डिंगचा चष्मा न काढताच म्हणाला, “वरचं लोकं बघतात, खालचं मासे बघतात. मला माशांपुढं मान खाली घालायची नाही.” त्याच्या बायकोनं माझ्या दारांवर गुलाब आणि किल्ला रंगवला आणि एका लहानशा तपकिरी पक्ष्यावरून मला लिनेट हे नाव दिलं.

पहिली वीस वर्षं मी सुट्टीच्या पाहुण्यांना फिरवलं. फार कौतुक झालं माझं. मारही खूप खाल्ला. आमच्या कालव्यावर लॉक असतात, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. होडी दोन दारांमध्ये घ्यायची, आतलं पाणी भरायचं किंवा सोडायचं, होडी आपोआप चढते किंवा उतरते. नवखा माणूस खाली उतरताना होडी काठाला दोरानं करकचून बांधतो. पाणी उतरतं, होडी मात्र दोराला लटकते. मी अशी तीनदा लटकले आहे आणि तिन्ही वेळा सुरी घेऊन धावत येणारं कोणीतरी भेटलं. पुढे एका शाळामास्तरानं मला घेतलं, मग त्याचे गुडघे गेले आणि मी एका विलोच्या झाडाखाली ‘विकणे आहे’ अशी पाटी घेऊन पाच वर्षं पडून राहिले. छपरावर शेवाळ आलं. बघायला येणारे आत डोकावायचे, नाक मुरडायचे आणि शेजारच्या चकचकीत होडीकडे वळायचे.

मग एका एप्रिलमध्ये क्लिफर्ड आणि ग्लेनिस ब्लोर आले.

दोघंही जवळच्या स्टोक शहरातले. तो उंच, थोडा वाकलेला, दोन्ही कानांनी जरा कमी ऐकणारा. त्यानं जन्मभर दुधाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. ती त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. तिनं पंचेचाळीस वर्षं चिनी मातीच्या कारखान्यात कच्च्या कपांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. घर विकून कायमचं होडीवर राहायचं असं तिनं ठरवलं होतं आणि तिनं ठरवलं म्हणजे त्याचंही ठरलं होतं. क्लिफर्डच्या हातात वही होती. ग्लेनिसच्या हातात पर्स असायला हवी, तर तिच्या काखेत मांस भाजायचा चौकोनी तवा होता.

“बारा होड्या झाल्या, बदके,” क्लिफर्ड म्हणाला. “आता माझे पाय बोलायला लागले.”

“मग पायांना सांग गप्प बसायला. तेरावी बघू.”

स्टोककडची माणसं एकमेकांना लाडानं बदक म्हणतात बरं का. नवरा बायकोला म्हणतो, कंडक्टर उतारूला म्हणतो, नर्स म्हाताऱ्यालाही म्हणते. त्यात कोणाला राग येत नाही.

होडीवर कायम राहायला येणारी माणसं कशी निवड करतात ते मी खूप पाहिलं आहे. बहुतेक जण दिवे बघतात, लाकूड बघतात, फोटो कसा येईल ते बघतात. ग्लेनिस आत आली ती थेट स्वयंपाकाच्या जागी गेली, ओव्हनचं दार उघडलं आणि तवा आत सरकवला. तो बसला. बारा होड्यांत तो बसला नव्हता.

“क्लिफ! गेला बघ आत!”

“म्हणजे आता रविवारचं जेवण चुकत नाही,” तो म्हणाला आणि वहीत खूण केली.

मग ती कोट, बूट सगळ्यासकट बिछान्यावर आडवी झाली. विकणारा दलाल दारात उभा होता. त्याला वाटलं बाईंना चक्कर आली. ती म्हणाली, “चक्कर नाही. रोज रात्री इथंच पडायचंय, मग आधी पडून नको का बघायला? उजवीकडून उठताना डोकं आपटतं. चालेल. मी डावीकडं झोपेन, डोकं याचं आपटेल.”

नंतर संडास. आमच्या होडीवाल्यांत देवाधर्मावर भांडणं होत नाहीत, संडासावर होतात. खाली मोठी टाकी बरी, की हातानं उचलून रिकामा करायचा डबा बरा, यावर दोन भाऊ वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेले मी पाहिले आहेत. माझ्यात डबा होता. क्लिफर्डनं तो काढून बघितला, घालून बघितला, उचलून बघितला.

“टाकी असती तर ती उपसायला पंप शोधत फिरा,” तो म्हणाला. “डबा कुठंही नेता येतो.”

“नेणार तू आहेस,” ग्लेनिस म्हणाली, “म्हणून मला डबाच पसंत.”

दलालानं त्यांना सत्तर फुटांची एक होडी सुचवली. जागा जास्त, कपाटं जास्त. क्लिफर्डनं मान हलवली. उत्तरेकडचे लॉक आखूड आहेत, सत्तर फुटांची होडी तिथं मावत नाही, सत्तावन्न फुटांची सगळीकडं जाते. ग्लेनिस म्हणाली, “सगळीकडं जाणारीच पाहिजे. पंचेचाळीस वर्षं मी एका बाकावर बसून होते. आता ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी दोर सोडायचा.” हे बोलताना तिला खोकला आला. तिनं तो रुमालात दाबला आणि दलालाकडे बघून हसली.

तरीही क्लिफर्डनं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं मला पाण्याबाहेर काढायला लावलं आणि पिकरिंग नावाच्या तपासनिसाला बोलावलं. पिकरिंगनं हातोडी घेऊन माझ्या तळावर फूट-फूट ठोकलं, मग छोट्या यंत्रानं पत्र्याची जाडी मोजली. “पाच पूर्णांक सहा. पाच पूर्णांक सात. चौतीस वर्षांच्या मानानं ही पोरगी ठणठणीत आहे. तीन वर्षांनी बाहेर काढून डांबर फासत जा, तुम्हाला पुरून उरेल.” क्लिफर्डनं आकडे वहीत लिहून घेतले. मला निवडताना त्या दोघांनी काहीही चुकवलं नाही, मित्रांनो. हे तुम्ही ध्यानात ठेवा.

सही करायच्या आधी ग्लेनिस माझ्या सुकाणूजवळ उभी राहिली.

“क्लिफ, एकदा चढले की मी उतरणार नाही. लॉरेनच्या बंगल्यात नाही आणि दवाखान्यात तर मुळीच नाही. मला शब्द दे.”

लॉरेन ही त्यांची एकुलती एक मुलगी.

“अगं, अजून सही नाही झाली.”

“सही नंतर. आधी शब्द.”

“दिला, बदके.”

त्यानंतरची चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. आमच्याकडे नियम असा की ज्यांना ठरलेली जागा नाही त्यांनी एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ग्लेनिस तेराव्या दिवशीच निघायची. सुकाणू ती धरायची आणि लॉकची जड दारं क्लिफर्ड ढकलायचा. इतर होड्यांवर बहुधा उलटं असतं, म्हणून पुलावरून बघणारे रिकामटेकडे क्लिफर्डला टोमणे मारायचे. एकानं वरून विचारलं, “काय मास्तर, बायको कप्तान वाटतं?” ग्लेनिसनंच उत्तर दिलं, “कप्तान नाही, मालकीण. कप्तानाला पगार द्यावा लागतो.”

शनिवारी ती ओटचे घावन करायची, आत चीज आणि बेकन. वास एवढा सुटायचा की शेजारी बांधलेल्या होडीतली मेव्हिस ताटली घेऊनच यायची. मेव्हिस ही एकटी राहणारी, बहुतेक आमच्याच मागोमाग फिरणारी म्हातारी, तीस वर्षं होडीवर काढलेली, तोंडानं फटकळ. हिवाळ्यात माझ्या पुढच्या भागातली कोळशाची शेगडी दिवसरात्र पेटलेली असायची. बाहेर कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि आत ग्लेनिस बाह्या वर करून बसायची. तिच्या पायमोजांचा वाळताना वास यायचा. मला तो आवडायचा.

पण खोकला जात नव्हता. पाचव्या वर्षी तो जिना चढल्यासारखा वाढत गेला. घासलेल्या कपांची ती बारीक धूळ पंचेचाळीस वर्षं तिच्या छातीत जाऊन बसली होती. तिथं तिचा दगड झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता हवेतून प्राणवायू काढून नाकाशी देणारं यंत्र लागेल आणि ते दिवसाचे चोवीस तास चालू राहायला हवं. ब्रिजेट नावाची नर्स होडी बघायला आली. ती शेगडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “प्राणवायू आणि विस्तव एका खोलीत नाही चालायचे, बदका. हे विझवावं लागेल.”

लॉरेनही त्याच दिवशी आली होती. “बाबा, पुरे झालं आता. आईला माझ्याकडं आणा. माझ्याकडं हीटर आहे, वीज आहे, खाली झोपायची खोली आहे.”

“मी इथं आहे,” ग्लेनिस बिछान्यावरून म्हणाली. “मेले नाही अजून. मला विचार.”

“बरं, आई, तुला विचारते. येतेस?”

“नाही.”

लॉरेन रडायला लागली. क्लिफर्डनं शेगडी विझवली. त्यानं विझलेल्या शेगडीतली राख भरली, बाहेर नेऊन टाकली, परत आला आणि म्हणाला, “वीजच पाहिजे ना? वीज मी आणतो.”

माझ्या बॅटऱ्यांवर ते यंत्र एक रात्रही चाललं नसतं. म्हणून आम्ही होड्यांच्या एका मोठ्या तळ्यात गेलो. तिथं चाळीस होड्या रांगेनं कायमच्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर विजेचा खांब असतो. खांबातून निळी जाड वायर निघते आणि होडीत जाते. जिला तेरा दिवस एका जागी काढवत नव्हते तिला आता त्या रांगेत बांधून घ्यावं लागलं. दोर बांधताना क्लिफर्डनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

विजेचं काम त्यानं स्वतःच्या हातानं केलं. विजेच्या वायरीत एक हिरवी-पिवळी तार असते. तिला जमिनीची तार म्हणतात. घरात हीच तार माणसाचा जीव वाचवते. दुधाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. त्यानं ती तार माझ्या पोलादाला अशी पक्की जोडली की ओढून तुटू नये. स्क्रू पिळला, ओढून पाहिली, पुन्हा पिळला. ग्लेनिसला चुकूनही झटका बसू नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं वायर खांबात घातली, यंत्र घरघरायला लागलं आणि ग्लेनिसच्या ओठांवरचा निळेपणा हळूहळू ओसरला. क्लिफर्डचा जीव भांड्यात पडला.

पण होडी म्हणजे घर नव्हे. त्या एका तारेनं मी रांगेतल्या सगळ्या होड्यांना आणि काठाच्या लोखंडाला जोडली गेले होते आणि आम्ही सगळ्या एकाच पाण्यात उभ्या होतो. शाळेत तुम्ही लिंबात दोन धातूंचे तुकडे खुपसून बल्ब लावता ना, तसंच ते. त्यात एक तुकडा झिजत जातो. तो झिजणारा तुकडा मी होते. हे टाळायला वायरीच्या वाटेत एक लहानसा डबा बसवतात. तो माणसाला वाचवणारी तार तशीच ठेवतो आणि होडीला खाणारा प्रवाह तेवढा अडवतो. जेवणाच्या डब्याएवढा असतो तो. आमच्यातले जुने लोक त्याला नुसतं डबा म्हणतात.

मेव्हिसनंही दम्यामुळे त्याच तळ्यात जागा घेतली होती. पहिल्याच आठवड्यात ती काठावरून जाताना तिला निळी वायर दिसली. ती ओरडली, “क्लिफर्ड, डबा आहे ना रे तुझ्याकडं?”

क्लिफर्ड तेव्हा हातात उशा घेऊन घाईत होता. तो म्हणाला, “आहे की! सकाळीच रिकामा करून आलो.”

मेव्हिस खो खो हसली. तिला वाटलं, गडी थट्टा करतोय. विजेच्या कामात जन्म घालवलेल्याला आपण काय सांगणार, असा विचार तिनं केला असणार. क्लिफर्डही हसला. त्याला वाटलं, या बाईला सदा संडासाचंच पडलेलं. दोघं हसत आपापल्या कामाला लागली. मी ते ऐकलं होतं, आणि मला तोंड नव्हतं.

सुरुवातीला माझ्या बाजूंना जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे संपले. आमच्या अंगावर असे ठोकळे मुद्दाम लावतात, पोलादाच्या आधी ते झिजावेत म्हणून. चार-पाच वर्षं पुरणारे ते ठोकळे पहिल्या हिवाळ्यात विरघळून गेले. मग डांबर जिथं जिथं खरचटलं होतं तिथं पोलादात खळगे पडू लागले. आधी मोहरीएवढे, मग मटाराएवढे. दुखत नव्हतं म्हटलं तर खोटं होईल.

गोदीतून निरोप आला, मागचं डांबर फासून तीन वर्षं कधीच उलटली, होडी बाहेर काढून डांबर फासायची वेळ झाली. होडी बाहेर काढायची म्हणजे दहा दिवस ग्लेनिसला उतरवायला हवं. लॉरेन म्हणाली, “दहाच दिवस, बाबा. तेवढंच माझ्याकडं.”

ग्लेनिस क्लिफर्डकडे नुसती बघत राहिली. तेव्हा तिला एका दमात चार शब्द बोलणंही जड जायचं.

“पुढच्या वर्षी बघू,” क्लिफर्ड म्हणाला.

“मागच्या वर्षीही हेच म्हणालात.”

“लॉरेन, मी शब्द दिलाय. उतरली तर ती परत चढायची नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.”

 जाताना लॉरेननं आईचे केस विंचरले आणि माझ्या छपरावर हात टेकून बराच वेळ उभी राहिली.

मित्रांनो, मला तेव्हा फार भीती वाटत होती. ग्लेनिसच्या बिछान्याखालीच माझा पत्रा सगळ्यात पातळ झाला होता. तिथं भोक पडलं असतं तर पाणी आधी तिच्याच अंगाखाली आलं असतं. रोज सकाळी क्लिफर्ड तिला उठवून बसवायचा, यंत्राची नळी पुसायचा, आणि मी मनात म्हणायचे, आजचा दिवस. तीन हिवाळे मी अशी धरून राहिले. पोलादाला धरून राहता येतं की नाही हे शहाण्या माणसांना विचारा. मी राहिले एवढं मला माहीत आहे.

मार्चमधल्या एका शनिवारी क्लिफर्ड घावन करत होता. विजेच्या शेगडीवर त्याला ते कधी नीट जमले नाहीत.

“करपतंय,” ग्लेनिस म्हणाली.

“करपत नाही, खरपूस होतंय.”

“बाजूची खिडकी उघड. वास जाऊ दे बाहेर. मेव्हिसला... भूक लागू दे.”

त्यानं खिडकी उघडली. बाहेर ऊन होतं. त्यानं ताटलीत घावन घेतलं, त्याची गुंडाळी केली, तिच्यासाठी लहान लहान तुकडे केले आणि वळला. तोवर ती गेली होती. माझ्याच बिछान्यावर, डाव्या कुशीला.

यंत्र घरघरत होतं. कोणालाच नको असलेली हवा ते देत राहिलं. क्लिफर्ड ताटली मांडीवर घेऊन तिच्याजवळ तासभर बसला आणि त्यानं ते बंद केलं नाही. मेव्हिस ताटली घेऊन आली, दारातच थांबली. तिनं आत येऊन आधी त्याच्या हातातली ताटली काढून घेतली. मग क्लिफर्ड उठला, बाहेर गेला आणि निळी वायर खांबातून उपसली.

मे महिन्यात तो मला घेऊन गोदीत आला. त्याला निघायचं होतं. ग्लेनिसला उत्तरेकडचे आखूड लॉक बघायचे राहिले होते. आम्ही दोघंच जाऊ, असं त्यानं मेव्हिसला सांगितलं तेव्हा दोघं म्हणजे तो आणि मी, हे मला कळलं आणि मला केवढा आनंद झाला! फक्त डांबर फासायचं, तपासणी करायची आणि दोर सोडायचा.

पिकरिंग आला. तोच तो, आता केस पांढरे झालेला. मला पट्ट्यांवर उचललं, पाणी निथळलं आणि पिकरिंग खाली वाकला. त्यानं हातोडी घेतली, बिछान्याच्या जागी एकदा हलकेच ठोकलं. हातोडी आत गेली.

 पिकरिंगनं हातोडी हळूच बाहेर काढली. त्या भोकातून आतल्या फळीचा तुकडा दिसत होता.

“कुठं बांधली होती ही?”

क्लिफर्डनं सांगितलं.

“वीज जोडलेली?”

“तीन वर्षं. चोवीस तास.”

“आणि डबा?”

“डबा मी रोज...” क्लिफर्ड बोलता बोलता थांबला. “कसला डबा?”

पिकरिंगनं सांगितलं. अगदी थोडक्यात सांगितलं, पण समोरचा माणूस विजेचा होता, त्याला अर्ध्यातच कळलं. तो एका ओंडक्यावर बसला. मग म्हणाला, “मेव्हिसनं विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात. मी हसलो.”

“वायर एवढी का लागत होती तुम्हाला?” पिकरिंगनं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

“बायकोला श्वास लागत होता.”

पिकरिंगनं टोपी काढली. पुढचं तो बोलला नसता तर बरं झालं असतं, पण सवयीचा माणूस, बोलून गेला. “दीड मिलिमीटर राहिलंय बऱ्याच ठिकाणी. अजून एक हिवाळा निघता ना. तळ्यातच बुडाली असती, आतल्या माणसांसकट.”

“वरून नवा पत्रा लावला तर?”

“ठिगळ लावायला चांगलं कापड शिल्लक लागतं. इथं शिवण धरणारच नाही.”

पिकरिंग गेला. क्लिफर्ड माझ्या पोटाखाली आला. एवढ्या वर्षांत त्यानं माझं हे अंग तिसऱ्यांदाच पाहिलं. त्यानं एकेका खळग्यात बोट घातलं, जणू प्रत्येकाची ओळख करून घ्यायची होती. मग भोकावर तळहात ठेवला आणि म्हणाला, “लिनेट, माफ कर. तिला वाचवतोय वाचवतोय म्हणत मी तुला खात होतो. आणि तिलाही बुडवायच्या बेतात होतो.” मोठा उंच माणूस, पण खाली वाकून, गुडघ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. माझ्या तळातलं उरलंसुरलं पाणी त्याच्या बाहीवर टपकत होतं.

तो आता लॉरेनकडे राहतो. मेव्हिस अधूनमधून इथं येते, माझ्या दारावरचे गुलाब पुसते आणि त्याची खबर मोठ्यानं सांगते, कोणी ऐकतंय असं समजून. ती म्हणते, तो रोज बस पकडून कुठल्या ना कुठल्या होड्यांच्या तळ्यावर जातो. काठानं चालतो. निळी वायर दिसली की थांबतो, काचेवर टकटक करतो आणि विचारतो, डबा बसवलाय का? होडी घ्यायला आलेली तरुण जोडपी दिवे बघत असतात, लाकूड बघत असतात. तो त्यांना सांगतो, आधी तिला पाण्याबाहेर काढून बघा, मग वरचं बघा, आणि विकत घेतल्यावरही बघत राहा. कोणी ऐकतात. बरेच जण म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणून हसतात आणि पडदा ओढून घेतात.

पुढच्या सोमवारी मला कापायला माणसं येणार आहेत. त्याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. मी चाळीसहून जास्त वर्षं चालले.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. एखाद्याची काळजी घ्यायला बसलात की दुसरीकडचं दिसेनासं होतं. त्या वेळी जो तुम्हाला हाक मारून काही विचारेल, त्याच्याकडे घटकाभर वळून नीट ऐका. मोडलेली जुनी वस्तू दिसली की ती कोणीतरी हयगयीनं मोडली असंही धरून चालू नका. मला हयगयीनं कोणी मोडलं नाही.

आणि कधी तुम्ही आमच्याकडच्या कालव्यावर आलात आणि एक उंच, वाकलेला म्हातारा तुमच्या काचेवर टकटक करून डब्याचं विचारू लागला, तर पडदा ओढू नका. त्याला आत बोलवा, चहा द्या, मोठ्यानं बोला, त्याला कमी ऐकू येतं. त्याला सांगा, लिनेटला पहिल्या हिवाळ्यापासून सगळं कळत होतं. त्याला सांगा, ग्लेनिसला दिलेला शब्द तू एकट्यानं नाही पाळलास, क्लिफर्ड. आपण दोघांनी मिळून पाळला.